राणीची ओटी

“आई, ही आपली भवानी नाही,” सून जपून म्हणाली. जुन्या नाण्यांचा अभ्यास केलेली पोर, खोटं कसं बोलणार? “रोमच्या बादशहाची बायको आहे. नाण्याच्या मागच्या बाजूला उभी आहे ती त्यांच्याकडची देवी. आमच्या संग्रहालयात शोभेल, पण तुम्ही म्हणाल तसं.”

यमुनाकाकूंनी देव्हाऱ्यातल्या टाकांशेजारचं ते काशाचं नाणं तळहातावर घेतलं. तेर गावच्या शेतात सासूबाईंना सापडल्यापासून दोघींनी हळदकुंकू लावून लावून बाईचं नाक पार झिजवलं होतं. म्हणजे इतकी वर्षं भलत्याच बाईपुढे पदर पसरला की काय?

काकूंनी नाणं पदरानं पुसलं. मग म्हणाल्या, “सातासमुद्रापलीकडून आली, आपल्या घरात मान घेऊन राहिली. माहेरवाशीणच झाली की. जाऊ दे तिला, पण रिकाम्या ओटीनं नाही.”

त्यांनी पाट मांडला आणि खणानारळानं राणीची ओटी भरली.

महिन्याभरानं त्या संग्रहालयात गेल्या. काचेआड बाकीच्या राण्या मखमलीवर बसल्या होत्या. आपली तेवढी हिरव्या खणावर. काकूंनी सुनेकडे पाहिलं आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, “ही आमच्याकडची.”