मो

एकोणचाळिसावं वाक्यही कोरडंच निघालं. स्वरालीने वहीत फुली मारली.

तिने जर्मनमध्ये दिलेलं वाक्य साधं होतं. आम्ही घरी जाण्याआधी दिवा मालवतो. म्हाताऱ्या मोरेनोंनी ते आपल्या गावाकडच्या बोलीत सांगितलं, पण ‘मी घरी जाण्याआधी’ असं करून. दर वेळी ते ‘आम्ही’चं ‘मी’ करत. एवढे दिवे मालवून चाललीस कुठे, अशी त्यांनी थट्टाही केली.

आम्ही, आपण असं म्हणायचं असेल तर त्या बोलीत ‘जाणे’ या शब्दालाच शेपूट लागायचं, ‘मो’. जुन्या कागदांत ते होतं. जिवंत माणसाच्या तोंडून अजून कुणी टिपलं नव्हतं. आज मिळालं नाही, तर प्रबंधातलं हे प्रकरण गाळायचं, असं प्रोफेसरबाईंनी ती हॅनोव्हरहून निघतानाच बजावलं होतं. दोन वर्षांचं काम होतं ते.

मोरेनो तरुणपणी इटलीच्या दक्षिणेतून जर्मनीत, नेकारसुल्मला आले. गाड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं राबले. गावची बोली घरात बायकोशी, फिलोमेनाशी. ती मागच्या वर्षी गेली.

चाळिसावं वाक्यही तसंच गेलं. चार वाजत आले होते. म्हातारा सारखा घड्याळाकडे पाहत होता. दाराशी झारी भरून ठेवलेली होती. स्वरालीने रेकॉर्डर बंद करून पिशवीत टाकला. मन थाऱ्यावर नव्हतं. त्यांच्याच बोलीत निरोप घेताना ती ‘जाते’ऐवजी ‘येते’ म्हणून गेली.

मोरेनो थबकले.

“येतेस? खरंच?”

आमच्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, हे ती सांगणार, तोवर त्यांनी टोपी घातली होती. कपाटातून दुसरी, छोटी झारी काढून तिच्या हातात दिली होती. रोज चार वाजता ते फिलोमेनाच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालायला जात. स्वरालीने मग काही सांगितलं नाही. झारी भरून घेतली.

मोरेनोंनी तिला बोलीतच सांगितलं, आपण निघण्याआधी तेवढी खिडकी लाव.

निघण्याला ‘मो’ लागलं होतं.

खिडकीच्या मुठीवर तिचा हात तसाच राहिला.

“चाळीस वाक्यांत हे एकदाही का नाही म्हणालात?”

“असं बघ,” म्हातारा वाकून बुटाची नाडी बांधत म्हणाला, “इतके दिवस मी एकटाच जात होतो.”