जुना चेहरा

"अपडेट आलंय ना, त्यामुळे फोन चेहरा ओळखत नाही. सगळ्यांचंच झालंय, आई," मुलगा फोनकडे बघत म्हणाला. लकव्याने उजवा गाल ओघळल्यापासून तो आईच्या तोंडाकडे बघतच नव्हता.

"जुना चेहरा काढून आत्ताचा टाकतो. दोन मिनिटांचं काम आहे."

तिने फोन काढून घेतला. "जुना राहू दे. तोवर मी आकडे दाबून उघडेन."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी आरशासमोर बसू लागली. गाल फुगवले की हवा उजवीकडून फुस्सकन निसटायची. ती पुन्हा फुगवायची. प, फ, ब, भ, म शंभर वेळा म्हणायची. मग फोन तोंडासमोर धरायची. तो उघडला नाही, की पदराने ओठाचा कोपरा पुसून पुन्हा गाल फुगवायची.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी कुलूप उघडलं. तिने फोन बंद करून पुन्हा धरला. पुन्हा उघडलं.

स्वयंपाकघरात मुलगा चहा गाळत होता. तिने उघडलेला फोन त्याच्यापुढे ठेवला.

"तुझं ते अपडेट दुरुस्त झालं बरं का," ती म्हणाली. "आता बघ माझ्याकडे."