साहेबाच्या आया

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर जीभ झडो माझी!

कोरियात, सोल शहरातल्या एका टोलेजंग ऑफिसात साठीची मालसुन आणि तिच्या सोबतिणी झाडलोट करायच्या. जेवायच्या मात्र संडासात, कमोडचं झाकण पाडून, मांडीवर आंबवलेल्या कोबीच्या किमचीचा डबा घेऊन. तिथला प्यो साहेब मोठ्या लाडानं सगळ्यांना "आई" म्हणायचा. "आई, एवढा वरचा मजलाही पुसून टाका ना!" पण जेवायला खोली मागितली, की लगेच, "तुम्ही कंत्राटदाराची माणसं. त्यात मी काय करणार?" ऐकून ऐकून मालसुनचं डोकं उठलं होतं.

मग नवं वर्ष आलं. साहेब बड्या पाहुण्यांना घेऊन आत शिरतो, तर दारातच या बाया ठेवणीतले कपडे घालून चटईवर ओळीनं बसलेल्या.

"ये रे बाळा," मालसुन म्हणाली, "आयांच्या पाया पड."

नव्या वर्षाला आईपुढे न वाकणारा मुलगा कुणी पाहिलाय का तिकडं? पाहुणे टकामका बघत होते. साहेबानं मुकाट गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं.

"शंभर वर्षं जग," मालसुननं तोंडभर आशीर्वाद दिला, "आणि आईला जरा संडासातून बाहेर काढ!"

साहेब शरमेनं लालबुंद झाला. त्याच आठवड्यात बायांना जेवायला खोली मिळाली, आणि साहेबाचं "आई" म्हणणं बंद झालं.

बरं बाई, एक कबूल करते. लाल झाला होता तो वाकल्यामुळे. शरम तेवढी मी माझ्या पदरची घातली.