भंगारातली खुर्ची

धाकट्याचं वागणं मला मुळीच पटत नाही. नोकरीसाठी लांब गेला, खोली घेतली, वर्ष होत आलं. पण "आई, ये" म्हणून एकदा तोंड उघडलं नाही. आणि बोलावल्याशिवाय मी पोटच्या पोराच्याही दारात पाय ठेवायची नाही. फोन मात्र रोज करतो. त्यात दाखवणार काय, तर लोकांनी टाकून दिलेलं सामान. आज जुन्या बाजारातून आणलेली खुर्ची दाखवली. घासून रंगवलेली, फाटक्या चादरीची गादी शिवून घातलेली, आणि चारी पायांखाली लाकडी ठोकळे बसवलेले.

"अरे, ही खुर्ची आहे की मचाण? एवढी उंच कशाला केलीस?"

"खाली बसलीस की तुला उठता येत नाही ना. आतापर्यंत इथे जमिनीशिवाय बसायला काही नव्हतं. कुठल्या तोंडानं बोलावणार होतो?"

मी पदरानं फोनची काच पुसली, तरी खुर्ची नीट दिसेना.

"रंग अगदी भिकार निवडलास," मी म्हणाले. "तिकीट काढ माझं."