शेजारचा अणू

मुलांनो, कल्पना करा, ताटात एक वाटी आहे आणि वाटीच्या तळाशी सायकलचा एक पोलादी छर्रा आहे. वाटी म्हणजे अणूची ओढ, छर्रा म्हणजे इलेक्ट्रॉन आणि ताट जोरात हलवणं म्हणजे लेझरचा प्रखर प्रकाश.

विज्ञान प्रदर्शनात हौसानं असंच ताट हलवलं. छर्रा वर चढला आणि कडेवरून परत घसरला.

"हट्टी दिसतो तुझा इलेक्ट्रॉन!" परीक्षक हसले.

"एकटा आहे ना, सर. शेजारच्या अणूनं ओढ लावली, की तेवढ्याच हिसक्यात सुटतो." शेजारचा अणू म्हणून ठेवायचं चुंबक तिनं पिशवीत चाचपलं. ते घरीच राहिलं होतं. तिचे डोळे भरून आले.

पलीकडच्या टेबलावर दुसऱ्या शाळेची शमीम होती. तिनं आपल्या छोट्या क्रेनच्या दोऱ्याला बांधलेलं चुंबक सोडलं. "घे गं, पटकन!"

हौसानं ते वाटीपासून बोटभर अंतरावर धरलं आणि ताट तेवढंच हलवलं. छर्रा टुणकन बाहेर पडला.

"शाब्बास!" म्हणत परीक्षक शमीमकडे वळले. तिच्या क्रेनचा दोरा रिकामाच लोंबत होता.

"सर, थांबा! तिचं चुंबक माझ्याकडं आहे," म्हणत हौसा धावली आणि दोऱ्याला गाठ मारायला बसली.