काड्या कुणीकडं

सुग्रीवनं स्वतः चुलीवर पाणी तापवलं आणि "माय, चल, न्हाऊन घे" अशी हाक मारली, तिथंच भिवराबाईच्या मनात पाल चुकचुकली. ज्या पोरानं कधी आईला तांब्याभर पाणी हातात दिलं नाही, त्याला आज एवढा पुळका कशाचा?

"केस धुवून आणा म्हनलेत दवाखान्यातले," तो म्हणाला.

"डोळ्याचा डागदर केस कावून बघतो रे?"

"आपरेशन ठरलं तर मंग डोकं भिजवता येत न्हाई."

बघा! अजून कुणी डोळ्यात बॅटरी मारली नाही, आणि ऑपरेशनच्या गोष्टी. भिवराबाईनं मुकाट्यानं डोक्यावरून पाणी घेतलं, पण कान उघडे ठेवले. पिशवीत काय काय जातंय ते ती आवाजावरून टिपत होती. आधार कार्ड, रेशन कार्ड, बीपीच्या गोळ्यांची पट्टी. चकलांब्याहून सातची जीप, बीडला नऊला नंबर. चहा आला, तोही दुधाचा, कपभर. सुनेनं, मनिषानं, एरवी एवढा लाड केला असेल तर शपथ.

तिला सगळं ठाऊक होतं. दिवाळी झाली की गावातली टोळी ऊसतोडीला निघणार, ती उन्हाळ्यातच परत. दरसाल सुग्रीव-मनिषा जायचे आणि नात शिवकन्या भिवराबाईजवळ राहायची. पोरगी सातवीत होती, हुशार होती. यंदा मात्र सुग्रीव म्हणाला होता, "बीडचा डॉक्टर काय म्हनतो बघू, मंग पोरीचं ठरवू. तुला दिसतच नसलं तर दोघी कुनाच्या भरवशावर ऱ्हानार?"

वरवर काळजीच. पण गेल्या आठवड्यात लुगडं शोधताना कोपऱ्यातल्या पोत्यात भिवराबाईच्या हाताला कोयता लागला. नवा. मूठ बारीक, वजनाला हलका. बत्तीस वर्षं ऊस तोडलेल्या बाईला कोयत्याचं माप सांगावं लागत नाही. तो सुग्रीवचा नव्हता, मनिषाचाही नव्हता. मग उरलं कोण?

त्या दिवसापासून आजी-नातीची शाळा भरली. गावात डोळ्यांचं शिबिर झालं तेव्हा नर्सबाईनं तीन काड्यांच्या खुणांचा तक्ता टांगला होता. काड्या जिकडं, तिकडं हात करायचा. आजीला पहिल्या ओळीतच अडकलेलं पाहून शिवकन्यानं तो अख्खा तक्ता ध्यानात ठेवला आणि ओसरीच्या भिंतीवर कोळशानं उतरवला. "तक्ता समदीकडं सारखाच असतोय, आज्जे," तिनं ठासून सांगितलं. भिवराबाईला भिंतीवर नुसता धूर दिसायचा. पण पाठांतराला डोळे थोडेच लागतात! चार ओळी तिनं अशा घोटल्या की झोपेतही हात बरोबर वळायचा.

सुग्रीवनं पिशवीची चेन ओढली. "माय, खरं सांग. किती दिसतंय तुला?"

"कावून? न दिसावं आसं वाटतंय का तुला?"

"म्या कशाला आसं म्हनीन?"

"मंग बघच." तिनं पदर खोचला आणि ओसरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. "त्या भितीवर पोरीनं शिबिरातला तक्ता काढलाय. हितून वाचून दावते."

शिवकन्या वेणीची रिबन दातात धरून बाहेर आली आणि भिंतीकडं बघून जागीच थबकली. "आज्जे, आगं..."

"तू गप! मधी बोलू नगंस. न्हाईतर तुझा बाप म्हनंल, पोरीनंच सांगितलं."

भिवराबाईनं हात उचलला. वर. उजवीकडं. खाली. पुन्हा उजवीकडं. एक ओळ झाली, दुसरी झाली. हात कुठं अडखळला नाही. शेवटच्या ओळीला तर तिनं डोळे बारीक केले, कारण तिथल्या काड्या लहान असतात.

सुग्रीव भिंतीकडं बघत राहिला. दोन दिवस घरात दिवाळीचा चुना चालला होता. मनिषानं आज पहाटे ओसरीची भिंत घासून तिच्यावर दोन हात मारले होते. भिंत पांढरीशुभ्र होती. तिच्यावर एक काडी नव्हती.

"बोल की आता! एक तरी चुकली का?"

सुग्रीवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगणात जाऊन त्यानं फोन लावला.

"मुकादम, सुग्रीव बोलतोय. औंदा माझा अर्धाच कोयता लिव्हा. व्हय, एकलाच येतो. मनिषा घरी ऱ्हाती. मायच्या डोळ्याचं आपरेशन हाय, थेंब टाकायला मानूस लागतंय." पलीकडून पोरीचं विचारलं असावं. "न्हाई, न्हाई. पोरगी न्हाई. ती शाळंत जाती."

टोळीत नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, एकट्याचा अर्धा. चुन्यानं माखलेले हात तसेच धरून मनिषा दारात उभी होती. "भागंल का मंग?" तिनं हळूच विचारलं.

"बघू," सुग्रीव म्हणाला.

भिवराबाईनं सगळं ऐकलं होतं. पोरगी शाळेत जाणार हेही ऐकलं होतं. पण तिचा संशय काही हटेना.

"आपरेशन कावून रे? माझं कुठं चुकलं का?"

सुग्रीव खाली बसला. उलट्या पडलेल्या तिच्या चपला त्यानं सरळ केल्या आणि एकेक तिच्या पायात घातली.

"न्हाई, माय. समदं बरोबर आलं."