वेलीचं कोरं पान

अकोल्याच्या हकीम वजीहुद्दीनकडे पिढीजात हस्तलिखित कुराण होतं. समासातली सोनेरी-हिरवी वेलबुट्टी वाळवीनं खाल्लेली, म्हणून एकोणीसशे सत्तावन साली त्यांनी तिची नक्कल काढायला ड्रॉइंगचे खोलकुटे मास्तर बोलावले. वेलीचं एक पान मात्र रंगवलेलंच नव्हतं.

"कारीगरानं जाणूनच सोडलं," हकीम म्हणाले. "पुरं तं फक्त अल्लाच करते. तुमीबी सोडा."

पण अर्धवट चित्र दिसलं की मास्तरांचा हात शिवशिवायचा. घरी त्यांनी नकलेतलं ते पान हिरवं करून टाकलं. सकाळी पाहतात तर कोरं. पुन्हा रंगवलं, पुन्हा कोरं. मास्तर पेटले आणि दाराला लावायचा ऑइलपेंट आणून त्यांनी पानाला फासला.

दुसऱ्या सकाळी पान हिरवंगार. मास्तर ऐटीत आरशासमोर मिशीला पीळ द्यायला गेले, तर डाव्या मिशीची जागा कागदासारखी कोरी.

मास्तरांनी घासलेटात चिंधी बुडवली आणि ते पान खसाखसा पुसायला घेतलं. रंग काही हलेना.

मास्तरांच्या बायको लीलाबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अवो, थांबा," त्या हळूच म्हणाल्या. "पान जसंच्या तसं हाये. नाक पुसल्या जाऊन राहिलं तुमचं."